स्थलांतरित दैवते आणि स्थलाची ओळख : अंत्रुज महालातील देवालयांच्या वास्तुरूपाचा विचार

एखाद्या स्थलाची ओळख कशाने घडते या प्रश्नाचा विचार करताना वारसा, परंपरा आणि वास्तू ही तीन पदे बहुधा एका दमात उच्चारली जातात, आणि ती जणू एकाच वस्तूची तीन नावे आहेत असे गृहीत धरून पुढील विवेचन चालते. जुनी वास्तू उभी आहे, म्हणून तेथे परंपरा आहे. परंपरा आहे, म्हणून ते स्थल इतरांहून निराळे आहे. आणि हे निराळेपण टिकवावयाचे तर वास्तू जतन केली पाहिजे, असा हा युक्तिवाद असतो. बहुतेक ठिकाणी तो निभावून जातो, कारण बहुतेक ठिकाणी देव, देऊळ आणि गाव ही तिन्ही एकाच जागी राहिलेली असतात. गोमंतकातील फोंडा तालुक्यात, म्हणजे जुन्या अंत्रुज महालात, तो निभावत नाही. येथे देव एका गावचा, जमीन दुसऱ्या गावची, आणि देवळाचे रूप तिसरीकडून आलेले, अशी स्थिती आहे. असे असूनही मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, रामनाथी ही स्थळे विजोड किंवा उसनी वाटत नाहीत. गोमंतकाची म्हणून जी ओळख बाहेरच्या मराठी मनात रुजलेली आहे तिच्यात या स्थळांचा वाटा फार मोठा आहे. ही ओळख नेमकी कशावर उभी आहे हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. ‘परंपरेप्रमाणे’ जीर्णोद्धार करण्याच्या नावाखाली या देवालयांच्या जुन्या वास्तूंत आज जे फेरफार होत आहेत, त्यांचे समर्थन आणि त्यांना होणारा विरोध ही दोन्ही याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

प्रथम इतिहासाचा सांगाडा ध्यानी घेतला पाहिजे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे घेतले. तिसवाडीतील देवळांवर १५४० च्या सुमारास आघात झाला, आणि साष्टीतील देवळे १५६० नंतरच्या काही वर्षांत, विशेषतः १५६७ च्या आसपास, पाडण्यात आली. या काळात अनेक दैवते रातोरात जुवारी नदी ओलांडून आदिलशाही मुलखात, म्हणजे अंत्रुजात, नेण्यात आली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला. हे स्थलांतर १५६० मध्ये झाले अशी देवस्थानाची परंपरा आहे. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास, आणि सांकवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगास गेला. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर डिचोली महालात गेला. कदंब राजे आपल्या नाण्यांवर ज्या देवाच्या वरप्रसादाचा अभिमानाने उल्लेख करीत तो हाच देव होय.

या हकीकतीकडे सामान्यतः श्रद्धेची विजयगाथा म्हणून पाहिले जाते, आणि तसे पाहण्यात काही गैर नाही. परंतु स्थलविचाराच्या दृष्टीने तीत एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. भारतीय परंपरेत देव आणि क्षेत्र यांचा संबंध सहसा तोडता येत नाही. ज्योतिर्लिंग उचलून दुसरीकडे नेता येत नाही. पंढरपूरचा विठ्ठल संकटकाळी हलविला गेल्याच्या कथा आहेत, पण तो परत पंढरपुरासच यावयाचा, हे त्या कथांत गृहीतच असते. अंत्रुजात देव परत गेले नाहीत. साष्टीतील मूळ जागा त्यांच्यासाठी बंद झाल्या, आणि तात्पुरत्या आश्रयाचे रूपांतर कायमच्या वास्तव्यात झाले. देव नव्या जागेत राहिला तो कोणत्या अर्थाने जुन्या गावचा राहिला, आणि नवी जागा त्याची केव्हा झाली?

पहिले उत्तर नावांत सापडते. कवळ्याची देवी आजही केळशीची शांतादुर्गा म्हणून ओळखली जाते, आणि केळशीत जेथे मूळ देऊळ होते असे सांगतात त्या जागेला देऊळभाट म्हणतात. देऊळ नाही, भाट आहे, आणि नावात देऊळ आहे. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडी बेटावरील नार्वे. नदीपलीकडे तो जेथे स्थिरावला त्या स्थळालाही नार्वे हेच नाव मिळाले. वेर्ण्यातील म्हाळसेचे स्थान जुने म्हार्दोळ म्हणून ओळखले जाते, तर फोंड्यातील नवे स्थान नुसते म्हार्दोळ. याच्या उलट दिशेनेही नामकरण झालेले आहे. प्रियोळातील एक वाडा मंगेशी झाला, बांदिवड्यातील एक भाग रामनाथी झाला. म्हणजे कोठे गावाने देवास नाव दिले, कोठे देवाने गावास. देवाच्या हालचालीबरोबर नावही पेटीत घालून नेल्यासारखे नेले गेले, आणि नव्या मातीत ते रुजले. वास्तू उभी राहण्यापूर्वीच ओळख तेथे जाऊन पोहोचली होती, हे विसरता कामा नये. कारण आज दिसणारी देवळे स्थलांतराच्या काळातील नाहीत. ती बहुतांशी त्यानंतर दीडशे ते दोनशे वर्षांनी उभी राहिली. मधल्या काळातील देवळे साधी असावीत.

कवळ्याच्या शांतादुर्गेचे आजचे देवालय १७१३ ते १७३८ या काळात बांधले गेले असे सांगितले जाते, आणि त्यामागे सातारच्या शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांचा पुढाकार होता. शाहूंनी १७३९ मध्ये कवळे गाव देवस्थानास इनाम दिला. मंगेशीच्या उत्कर्षाशी रामचंद्र मल्हार सुखटणकर या पेशव्यांच्या पदरी असलेल्या मुत्सद्द्याचे नाव जोडलेले आहे. म्हणजे साताऱ्याच्या आणि पुण्याच्या दरबारात वावरणाऱ्या, मूळच्या कोकण-गोमंतकाशी नाते असणाऱ्या माणसांनी आपल्या कुलदैवतांसाठी ही कामे करविली. फोंडा महाल त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. तो त्यांच्याकडे १७६३ मध्ये गेला. हा कालक्रम नीट ध्यानी ठेवला नाही म्हणजे या वास्तूंविषयीचे अर्धेअधिक गैरसमज उत्पन्न होतात.

आता रूपाकडे वळावे. अंत्रुजातील देवालयाकडे जाणारा मनुष्य माडापोफळींच्या कुळागरातून खाली उतरत येतो. प्रथम तळी दिसते, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची. मग नौबतखाना असलेला दरवाजा. आत प्रशस्त अंगण, त्याच्या बाजूंना यात्रेकरूंच्या वास्तव्यासाठी अग्रशाळा, मध्ये तुळशीवृंदावन आणि पांढराशुभ्र बहुमजली दीपस्तंभ. मंगेशीचा दीपस्तंभ अष्टकोनी आणि सात मजल्यांचा आहे. त्यामागे मुख्य देवालय. सभामंडपावर कौलांचे उतरते छप्पर, भिंतींना अर्धवर्तुळाकार कमानीच्या खिडक्या, खिडक्यांच्या मधून भिंतीतून किंचित पुढे आलेले अर्धस्तंभ, वर कठडे. आणि गाभाऱ्यावर उंच अष्टकोनी ग्रीवेवर बसविलेला घुमट, त्याच्या माथ्यावर कंदिलासारखे शिखराग्र आणि त्यावर कळस. आत हंड्या-झुंबरे टांगलेली, आणि गाभाऱ्याच्या दारी चांदीचे कोरीव काम. शिखर, आमलक, जगती, मंडोवर या परिभाषेत ज्याचे शिक्षण झाले आहे असा अभ्यासक येथे प्रथमतः गोंधळतो. त्याच्या हातातील शब्द येथे लागू पडत नाहीत.

या गोंधळातून दोन मते निर्माण झालेली आहेत. पहिले मत असे की, ही देवळे म्हणजे चर्चच्या इमारतींची नक्कल होय. परकीय सत्तेच्या छायेत राहिल्यामुळे हिंदू समाज आपले शिल्पशास्त्र विसरला, आणि शेजारी जे दिसले ते त्याने उचलले. हे मत लिखित स्वरूपात फारसे आढळत नाही. परंतु जीर्णोद्धार समित्यांच्या चर्चांत, स्मरणिकांत आणि ‘देऊळ शास्त्रोक्त करावयाचे’ या संकल्पात ते सतत वावरत असते. दुसरे मत विद्वानांचे आहे. जोझे पेरेरा यांनी ‘बरोक गोवा’ (१९९५) या ग्रंथात आणि इतर लेखनात गोमंतकातील चर्चे आणि देवळे यांना बरोक या एकाच शैलीच्या भारतीय आविष्कारात सामावून घेतले. पहिल्या मतात निंदा आहे, दुसऱ्यात गौरव आहे. तथापि दोहोंचा पाया एकच आहे. दोहोंच्या दृष्टीने या रूपाचा उगम पलीकडच्या तीरावर आहे, आणि अलीकडच्या तीरावरील माणसांनी केले ते केवळ ग्रहण.

पहिल्या मताचा विचार आधी करावा. या देवळांतील सर्वांत ठळक घटक म्हणजे घुमट, आणि तोच चर्चवरून घेतला असे सर्रास सांगितले जाते. पण गोमंतकातील चर्चची दर्शनी ओळख घुमट ही नव्हेच. ती उंच दर्शनी भिंत आणि तिच्या बाजूंचे मनोरे ही होय. जुन्या गोव्यात आज उभ्या असलेल्या चर्चांपैकी घुमटाचे ठळक उदाहरण सतराव्या शतकातील सेंट कॅजेटनचे एकच आहे. याउलट घुमट हा अंत्रुजाच्या दुसऱ्या बाजूस, म्हणजे विजापूरच्या आणि पुढे मराठ्यांच्या मुलखात, सर्वत्र परिचित होता. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार करविला. त्या छोट्या देवळावर घुमट आहे. रायगडावरील जगदीश्वरावरही घुमट आहे. तेव्हा घुमट हा जर परकीय म्हणावयाचा तर तो रायगडावरही परकीय म्हणावा लागेल, आणि तसे म्हणावयास कोणीही धजणार नाही. फोंड्यातच १५६० च्या सुमारास आदिलशाहीत बांधलेली साफा मशीद आहे. जांभ्याचे बांधकाम, वर कौलारू उतरते छप्पर, आणि शेजारी कमानदार कोनाडे असलेली पायऱ्यांची तळी, ही तिची रचना पाहिली म्हणजे देवळाच्या तळीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. अष्टकोनी ग्रीवा, अर्धस्तंभ, कठडे, खिडक्यांची चौकट हे घटक मात्र निःसंशय चर्चच्या वास्तूतून आलेले आहेत. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तीन शेजाऱ्यांच्या तीन भाषांतून शब्द घेऊन जे वाक्य रचले गेले त्याला एका शेजाऱ्याची नक्कल म्हणणे हे निरीक्षणाचे दारिद्र्य आहे.

दीपस्तंभाची गोष्ट अशीच आहे. जेजुरीसारख्या ठिकाणची दीपमाळ ही दगडी, वर निमुळती होत जाणारी, आणि दिवे ठेवण्यासाठी बाहेर आलेल्या हातांची असते. अंत्रुजातील दीपस्तंभ मजल्यामजल्यांचा, गिलावा केलेला, कमानींच्या कोनाड्यांचा असतो. दीपमाळेची कल्पना देशावरची, तिचा देह मात्र चर्चच्या मनोऱ्याशी नाते सांगणारा. दिवे लागलेल्या रात्री तो दिसतो तेव्हा मात्र तो दुसऱ्या कशाची आठवण करून देत नाही.

येथे नागेशीचे देवालय विशेष महत्त्वाचे ठरते, आणि आजवरच्या चर्चेत त्याचा जितका उपयोग व्हावयास हवा होता तितका झालेला नाही. बांदिवड्याचा नागेश हा निर्वासित देव नव्हे. तो मूळचाच अंत्रुजातला आहे. तेथील १४१३ चा शिलालेख हे त्याच्या प्राचीनत्वाचे प्रमाण होय. त्याच्या सभामंडपातील लाकडी पट्ट्यांवर रामायणातील प्रसंग कोरलेले आहेत. या देवाला कोणी हुसकावले नव्हते, त्याची जागा सुटली नव्हती, त्याची परंपरा खंडित झालेली नव्हती. तरीही त्याच्या देवालयाचे आजचे रूप कवळ्या-मंगेशीच्या कुळातीलच आहे. परंपरा तुटल्यामुळे परके रूप स्वीकारावे लागले, हे पहिल्या मताचे कारणच येथे ढासळते. ज्याला आपले जुने रूप राखणे शक्य होते त्यानेही नवे रूप पत्करले, याचा अर्थ ते त्या काळी त्या प्रदेशाचे सर्वमान्य, प्रतिष्ठेचे रूप झाले होते.

पेरेरा यांच्या मताला वेगळे उत्तर द्यावे लागते. शैलीच्या नावाखाली साम्य दाखविणे सोपे असते; त्या साम्याचा हेतू सांगणे कठीण असते. चर्चमध्ये दर्शनी भिंत हे सर्वस्व आहे. माणूस तिच्यासमोर उभा राहतो आणि मग थेट आत वेदीकडे जातो. अंत्रुजातील देवळाला त्या अर्थाने दर्शनी भिंतच नाही. ते अंगणात उभे आहे, त्याला प्रदक्षिणा घालावयाची आहे, पालखी त्याच्याभोवती फिरावयाची आहे. मंगेशीला दर सोमवारी ती निघते. म्हणून चर्चमधील घटक येथे येताच त्यांची जागा बदलली. जे समोर होते ते चहूबाजूंना पसरले; मनोरा इमारतीपासून सुटून अंगणात एकटा उभा राहिला आणि दिव्यांचा झाला. पाउलू व्हारेला गोमिश यांनी २०११ मधील आपल्या ग्रंथात गोमंतकातील चर्चवास्तूविषयी असे दाखविले आहे की, ती पोर्तुगालची शाखा नसून गोमंतकीय कॅथलिक समाजाने स्वतःची म्हणून घडविलेली वास्तू आहे. हे मान्य केले तर नकलेचा आणि मूळचा हा सारा हिशेबच बदलतो. नदीच्या दोन्ही तीरांवरील गोमंतकीय गवंडी एकाच जांभ्यातून, एकाच चुन्यातून, दोन धर्मांसाठी दोन वास्तू घडवीत होते. ज्या सत्तेने मूळ देवळे पाडली तिच्याच अलंकारांनी नवी देवळे नटली, हा विरोधाभास आजच्या मनाला डाचतो. नारोरामांना तो डाचल्याचे त्यांच्या देवळावरून तरी दिसत नाही. त्यांच्या दृष्टीने ते वैभवाचे रूप होते, आणि वैभव कोणा एकाच्या मालकीचे नसते.

तर मग ओळख टिकली ती कशात? नावाचा उल्लेख वर झालाच आहे. दुसरी गोष्ट म्हणजे सेवेची व्यवस्था: महाजनांची नोंद, पूजेअर्चेचे हक्क, उत्सवांचे मान, आणि दूरदूरहून कुलदैवताला येणाऱ्या कुटुंबांचा ओघ. मंगळूर, कोची येथे गेलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे येत राहिली. घरी कोंकणी बोलणाऱ्या या समाजाच्या देवळांतील आरत्या आणि कीर्तने मराठीत राहिली, ही गोष्टही याच व्यवस्थेचा भाग होय. तिसरी गोष्ट म्हणजे तळी, दरवाजा, अंगण, दीपस्तंभ, अग्रशाळा हा क्रम. जपानमधील इसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधले जाते, अलीकडे २०१३ मध्ये बांधले गेले. तेथे द्रव्य बदलते आणि रूप अक्षरशः तेच राहते. अंत्रुजात याच्या उलट घडले. रूप मोकळेपणाने बदलले, आणि क्रम, नाव व सेवा ही स्थिर राहिली.

मात्र या सेवाव्यवस्थेचे वर्णन करताना वारशाचे लेखन ज्या ठिकाणी नेहमी आवाज खाली घेते ते ठिकाण टाळता येत नाही. महाजनकी ही निवडक कुळांची होती. पोर्तुगीज अमदानीत १९३३ मध्ये देवस्थानांसाठी जे नियमन झाले त्याने ती कायद्याने बांधून टाकली, आणि गोवामुक्तीनंतरही ते लागू राहिले. देवळाभोवती राहणाऱ्या भाविणी, कलावंत स्त्रिया, वाजंत्री यांच्या सेवेवाचून उत्सव होत नसे. पण महाजनांच्या नोंदीत त्यांना स्थान नव्हते. देवळाच्या वैभवाच्या वर्णनात झुंबरे येतात, त्यांच्याखाली गाणाऱ्या स्त्रिया येत नाहीत. अंत्रुजातील केरी गावच्या केसरबाई केरकर याच परिसरातून वर आल्या. आणि मंगेशी या स्थलनामाला भारतभर जे प्रसिद्ध रूप लाभले ते दीनानाथ मंगेशकरांनी (१९००–१९४२) घेतलेल्या आडनावामुळे. ज्यांच्या पूर्वजांना त्या देवळात मालकीचा हक्क नव्हता त्यांनी त्या स्थलाचे नाव धारण केले, आणि आज ते नाव ऐकताच देवळाआधी गाणे आठवते. स्थलाची ओळख मालकीच्या नोंदवहीप्रमाणे वाटली जात नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही. देव येण्यापूर्वी अंत्रुजाच्या भूमीवर सांतेरी, रवळनाथ यांची जी ग्रामदैवते होती त्यांच्या स्थानांचा आणि नव्या दैवतांचा संबंध कसा जुळला हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

कुंकळ्ळीचे उदाहरण या सर्वांहून निराळे आणि अधिक बोलके आहे. साष्टीतील या गावाने १५८३ मध्ये पाच जेझुइट पाद्र्यांची हत्या केली. त्याचा सूड म्हणून बोलणीसाठी बोलाविलेल्या गावकऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात ठार मारण्यात आले. गावची शांतादुर्गा फातर्प्यास गेली आणि तेथे ‘कुंकळ्ळीकरीण’ म्हणूनच राहिली. दरवर्षी फाल्गुनात तिचा छत्रोत्सव होतो. बारा वांगडांची, म्हणजे बारा गावकरी कुळांची, रंगीत छत्रे मिरवीत देवी एका दिवसासाठी आपल्या मूळ गावी येते, आणि गुलालाने माखलेल्या त्या मिरवणुकीचे स्वागत करणाऱ्यांत गावची ख्रिस्ती कुटुंबेही असतात, कारण ती त्याच कुळांची आहेत. मूळ जागी जुने देऊळ नाही. तेथे जाऊन पाहावे असे वास्तुशिल्प नाही. परंतु गावाच्या सीमा, कुळांचा क्रम, आणि देवीची वाट ही वर्षातून एकदा पायांनी पुन्हा आखली जातात. वास्तूविना स्थलाची ओळख टिकविण्याचा हा प्रकार वारसा-विचारकांच्या यादीत क्वचितच येतो.

येथपर्यंतच्या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. ओळख जर नावात, सेवेत आणि मिरवणुकीत असेल, आणि रूप जर अठराव्या शतकात निवडीने स्वीकारलेले असेल, तर आजच्या महाजनांनी ते निवडीनेच टाकून दिले तर बिघडले कोठे? नारोरामांनी जे केले तेच आजची समिती करीत आहे. त्यांना बरोक आवडले, यांना दाक्षिणात्य गोपुर आणि गुळगुळीत ग्रॅनाइट आवडते. हा आक्षेप तर्कदृष्ट्या सबळ आहे, आणि जुन्याविषयीच्या हळहळीने त्याचे निराकरण होणार नाही.

त्याचे उत्तर दोन दिशांनी देता येते. एक असे की, अठराव्या शतकातील निवड ही नवे निर्माण करण्याची निवड होती, आणि ती करणारे आपण नवे करीत आहोत हे लपवीत नव्हते. आजचा बदल मात्र ‘मूळ रूपाकडे परत जाणे’ या नावाने केला जातो. हे मूळ रूप कोणते, हे कोणीच सांगू शकत नाही. कुठ्ठाळीचे किंवा केळशीचे सोळाव्या शतकातील देऊळ कसे होते याचे चित्र उपलब्ध नाही. कदंबकाळातील एकमेव सुस्थितीतील देवालय म्हणून तांबडी सुर्ला येथील काळ्या पाषाणाच्या महादेव मंदिराकडे बोट दाखविले जाते. परंतु घाटाखालच्या रानातील त्या एका देवळावरून साष्टीच्या किनारी गावांतील देवळांची कल्पना करणे धाडसाचे आहे. तेव्हा ज्याला परंपरा म्हणून पुन्हा स्थापावयाचे ते वस्तुतः आज निवडलेले, इतर प्रांतांतून आणलेले रूप असते. त्यात दोष उसनवारीचा नाही. उसनवारी तर कवळ्यासही झाली. दोष आहे तो उसनवारी नाकारण्याचा.

दुसरी दिशा अधिक व्यावहारिक आहे. स्थलांतरित समाजाने नव्या जागी आपले जग कसे उभे केले, कोणाकडून काय घेतले, कोठे पैसा आला, कोणते कारागीर होते, याविषयी कागदोपत्री पुरावा विरळ आहे. सनदा मिळतात, गवंड्यांची नावे मिळत नाहीत. त्या निर्णयांचा सर्वांत विस्तृत दस्तऐवज म्हणजे त्या भिंती, ते अर्धस्तंभ, तो लाकडी मंडप आणि त्या अग्रशाळा. यांतील अग्रशाळा सर्वांत आधी पडतात, कारण त्यांच्यात कोणाला शिल्प दिसत नाही; त्यांच्या जागी काँक्रीटचे बहुमजली भक्तनिवास येतात, अंगणावर पत्र्याचे छप्पर चढते, आणि तळीकडून देवाकडे येण्याचा क्रमच मोडतो. वर ज्या तीन गोष्टी स्थिर राहिल्या असे म्हटले त्यांतील तिसरी अशा रीतीने डोळ्यांदेखत जाते. घुमटाचे काय करावयाचे यावर वाद तरी होतो. अग्रशाळांसाठी कोणी भांडत नाही. त्यांचे मोजमापासहित नकाशे तयार करण्याचे काम कोणत्याही वास्तुविद्यालयाला एखाद्या सत्रात करता येण्यासारखे आहे.

अलीकडील दोन कामे येथे शेजारी ठेवून पाहता येतील. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे १६६८ चे देवालय राज्याच्या पुरातत्त्व खात्याने दुरुस्त केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. तेथे लहान घुमट, जांभ्याच्या भिंती, कौलारू उतार आणि दीपस्तंभ हेच राखण्यात आले. वेर्ण्याच्या जुन्या म्हार्दोळात म्हाळसेचे नवे देवालय २००५ मध्ये प्रतिष्ठित झाले. चार शतकांनंतर देवी मूळ जागी परतली, हा भाव समजण्यासारखा आहे; परंतु नव्या देवळाचे कोरीव पाषाणी रूप फोंड्यातील म्हार्दोळाशी नाते सांगत नाही, आणि वेर्ण्यात पूर्वी काय होते तेही सांगत नाही. म्हार्दोळच्या देवळात लाकडी खांब आहेत, अंगणात कासवावर उभी असलेली उंच पितळी समई आहे, आणि जाईच्या फुलांची पूजा हा तेथील माळ्यांचा मान आहे. हे सर्व अंत्रुजात मिळविलेले आहे. मूळ जागी परतताना हे मिळविलेले मागे ठेवावे लागले.

२०२२ च्या अर्थसंकल्पात गोवा शासनाने पोर्तुगीज काळात नष्ट झालेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपयांची तरतूद केली. हा पैसा कोठे आणि कोणत्या रूपावर खर्च व्हावा, या प्रश्नात वरील सारी चर्चा एकवटते. सांकवाळास आज एका जुन्या चर्चची केवळ दर्शनी भिंत उरलेली आहे. त्या गावचा नृसिंह वेलिंगास आहे आणि विजयादुर्गा केरीस आहे. तेथे आधी काय होते याविषयी दावे आहेत, आणि उभी आहे ती भिंत. दिवाडी बेटावर कोटितीर्थाचे तळे आहे. सप्तकोटेश्वर नदीपलीकडे आहे, त्याच्या दारावर शिवाजी महाराजांच्या जीर्णोद्धाराचा लेख आहे, आणि नार्वे हे नाव दोन्ही तीरांवर आहे. दिवाडीवर देऊळ बांधावयाचे ठरले तर ते कदंबांचे, विजयनगरकालीन माधवमंत्र्याचे, की १६६८ चे बांधावयाचे, हे प्रथम ठरवावे लागेल. आणि पलीकडच्या नार्व्यातून देव हलवावयाचा की नाही, हे त्याहून आधी.